वर्गणी नको, रजेचा एक दिवस द्या

याकूबभाई मुकादम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कतीफच्या एका खजुराच्या बागेत, आणि पाहिल्या पाहिल्याच मला त्यांचा संताप आला. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करायचा नसतो, हे मला समजतं. संपादक मंडळाने आम्हा लेखकांना 'प्रथम परिचयाचा हृद्य प्रसंग' लिहायला सांगितलं आहे. आता माझा प्रसंग हृद्य नव्हता, त्याला मी काय करू? खोटं लिहिलं तर ज्यांच्यासाठी लिहायचं तेच पहिले माझा कान धरतील.

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच सौदीत, खोबरला आले होते. आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं नांदखार. मी मोहल्ल्यातलीच लेक आणि मोहल्ल्यातलीच सून. याकूबभाई पण आमच्याच गावचे, पण मला कळू लागायच्या आधीच ते सौदीला आले होते, म्हणून मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत एखाद्या शुक्रवारी गावचे सगळे लोक दम्माम, जुबैल, धाहरानहून कतीफला जमतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बाग भाड्याने घ्यायची, सकाळी तिथल्या बाजारातून मासळी आणायची, आम्ही बायकांनी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणं करून न्यायची. जेवणं झाली की वर्गणी. एकाने उभं राहून नाव पुकारायचं, त्या माणसाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा, बाकीच्यांनी 'माशाल्ला' म्हणायचं.

त्या वर्षी वर्गणी होती गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला कंपाउंड आणि गेट बांधण्यासाठी. देणाऱ्यांची नावं संगमरवरी पाटीवर कोरायची ठरली होती. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि माणसं आनंदाने देत होती. माझे यजमान अस्लम यांनीही सांगितलं. मग याकूबभाईंचं नाव आलं. ते सतरंजीच्या कडेला बसून संत्रं सोलत होते. वर न बघता म्हणाले, "मी देणार नाय. आणि तुम्ही पण देऊ नका."

बायकांच्या सतरंजीवरून मी म्हटलं, अगदी ऐकू जाईल असं म्हटलं, की एवढी वर्षं धाहरानला नोकरी केली आणि शाळेला द्यायला हात आखडतो, हा कसला माणूस. माझी सासू मला गप्प करत होती, पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. सगळे निघायला लागले तेव्हा याकूबभाई मुद्दाम माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय गो, सोलकरांची सून ना तू? ज्या शाळेत शिकलीस तिथे आज पहिलीला कोण शिकवतंय, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक नव्हतं. "मग ते आधी विचारून घे. माझ्यावर नंतर राग काढ," असं म्हणून ते आपल्या गाडीकडे गेले.

मी त्याच दिवशी आईला फोन लावला. पहिलीला कोणीच शिकवत नव्हतं. शाळेत दोन शिक्षकांच्या जागा होत्या, त्यातली एक कधीची रिकामी होती, आणि एकटे गुरुजी सगळे वर्ग एका खोलीत घेऊन बसत होते. आम्ही इकडे त्या शाळेला गेट बांधायला निघालो होतो.

याकूबभाई व्यवसायाने सेफ्टी ऑफिसर. धाहरानच्या एका कंत्राटदार कंपनीत त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचं काम समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही. साइटवर कुठलंही जोखमीचं काम सुरू करायचं तर आधी परमिट लागतं, आणि त्या परमिटवर एका जबाबदार माणसाचं नाव आणि सही लागते. कंपनीचं नाव चालत नाही, खात्याचं चालत नाही. काही झालं तर ज्याला विचारायचं, असा एक जिवंत माणूस लागतो. अस्लम एकदा त्यांच्याच साइटवर होते. क्रेन उभी, माणसं खोळंबलेली, मॅनेजर 'यल्ला, यल्ला' करत ओरडत होता की साहेबांना आजच काम पाहिजे. याकूबभाई क्रेनच्या पायरीवर जाऊन बसले आणि एवढंच विचारलं, "सही कोणाची?" मॅनेजर म्हणाला, नंतर घेऊ. याकूबभाई म्हणाले, मग मी पण नंतर उठतो. भर उन्हात सही येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. कंपनीत त्यांना पुष्कळ लोक शिव्या घालायचे. त्याच लोकांच्या बायका गावी त्यांना दुआ द्यायच्या.

तर हा माणूस शाळेला पैसे द्यायला नाही का म्हणाला? त्याचं कारण ऐकलं तेव्हा मला माझ्याच गावाचा राग आला. कितीतरी वर्षांपूर्वी शाळेची एक भिंत पावसात पडली होती. सरकारकडे मागत बसायचं कशाला, आपण काय भिकारी आहोत काय, असं म्हणत सौदीतल्या आपल्या लोकांनी शेजारच्या जागेत दोन चांगल्या खोल्या बांधून दिल्या. गावाने कौतुक केलं. मग एक शिक्षक बदलून गेले, तर गावाने आपल्या खर्चाने एका मुलीला शिकवायला ठेवलं. पुन्हा कौतुक. झालं काय, की पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेलं की एकच उत्तर मिळू लागलं: तुमच्या गावाला काय कमी आहे, तुमच्याकडे सौदीचा पैसा आहे. पडलेली भिंत पडलेलीच राहिली. नव्या खोल्या सरकारी दप्तरात कुठेच नव्हत्या, त्यामुळे त्यांची दुरुस्ती सरकार करेना. रिकामी जागा भरायची कोणाला घाई नव्हती. पुढे ती मुलगी लग्न होऊन गेली आणि पहिलीचा वर्ग उघड्यावर पडला. आपण दिलदारपणे देत गेलो आणि ज्याने द्यायला पाहिजे होतं तो आरामात सुटला. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावाला करता आली नसती, त्यासाठी आपल्यासारखं गल्फचं गावच पाहिजे.

आणि त्या दोन खोल्यांसाठी पहिली वर्गणी दिली होती याकूबभाईंनीच. त्या खोल्यांवरच्या संगमरवरी पाटीवर पहिलं नाव त्यांचं होतं. रजेवर गेले तेव्हा त्यांनी स्वतः पान्याने ती पाटी उतरवली आणि शाळेच्या नळाखाली पालथी घातली. मुलं अजून तिच्यावर उभी राहून पाय धुतात. गावात बोंबाबोंब झाली. ज्यांची नावं खाली गेली ते घरी भांडायला आले. याकूबभाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की माझं नाव सगळ्यांत वर होतं, म्हणजे आता सगळ्यांत चिखलात तेच आहे.

पुढच्या वर्षी कतीफच्या बागेत त्यांनी स्वतः उभं राहून मागणी केली. पैसे नकोत, म्हणाले, रजेचा एक दिवस द्या. लोक हसले. हसणारच. वर्ष वर्ष राबून जी रजा मिळते त्यातला दिवस म्हणजे काय, हे इथल्या माणसाला विचारा. आईला डॉक्टरकडे न्यायचं असतं, घराचं छप्पर बघायचं असतं, पोरांनी ओळखायला लागेपर्यंत परत निघायची वेळ येते. पैसे मागितले असते तर लोकांनी लगेच दिले असते. दिवस म्हटल्यावर सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

तरी हळूहळू माणसं तयार झाली, कारण त्यांची योजना अगदी साधी होती. जो रजेवर जाईल त्याने गावी पोचल्यावर कार्यालय उघडं असेल असा पहिला दिवस शाळेला द्यायचा. तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर जाऊन उभं राहायचं आणि एकच विचारायचं, आमच्या शाळेला दुसरा शिक्षक कधी देणार, आणि उत्तराखाली सही कोणाची. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, उत्तर मिळेपर्यंत बसायचं. आणि रिकाम्या हाताने जायचं. ही शेवटची अट आपल्या लोकांना सर्वांत जड गेली. सौदीवरून आलेला माणूस कोणाच्या दारात हात हलवत जाईल काय? आमचे अस्लम पहिल्याच वेळी खजुराचा डबा घेऊन गेले. साहेबांनी डबा ठेवून घेतला, चहा पाजला, आणि शिक्षकाचं बघू म्हणाले. अस्लम खूश होऊन परत आले. याकूबभाईंना कळलं तेव्हा त्यांनी अस्लमना आमच्याच घरी, माझ्यासमोर सुनावलं: "खजूर घेऊन गेलास म्हणजे तू मागायला गेलास. हक्क सांगायला जाणारा माणूस रिकाम्या हाताने जातो."

त्यानंतर आपल्या गावच्या कोणी त्या कार्यालयात अत्तराची बाटलीसुद्धा नेली नाही.

गंमत पुढे आहे. आपल्या कंपन्या सगळ्यांना एकदम रजा देत नाहीत, याबद्दल आपण जन्मभर रडलो. ईदला एक भाऊ गावी, तर दुसरा जुबैलला. कोणाच्या लग्नात सगळे कधी जमतच नाहीत. याकूबभाईंनी हीच गोष्ट कामाला लावली. बारा महिने गावचं कोणी ना कोणी रजेवर असतंच, म्हणून बारा महिने कोणी ना कोणी त्या साहेबांच्या दारात उभं. फिटर गेले, ड्रायव्हर गेले, रियाधच्या बँकेतला एक जण टाय बांधून गेला. साहेब वैतागून म्हणाले, तुमच्या गावात माणसं आहेत तरी किती. शेवटी दुसऱ्या शिक्षिका रुजू झाल्या. त्या दिवशी याकूबभाईंनी सगळ्यांना फोन करून सांगितलं की आभार मानायला कोणी जाऊ नये, ते त्यांचं कामच होतं.

त्यांच्या मायेबद्दल लिहायला बसले तर संपादक कात्री घेऊन येतील, म्हणून एकच सांगते. अस्लमच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या मालकाने, इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं नूतनीकरण रखडवलं होतं आणि माझी अलिना तेव्हा पोटात होती. अस्लम घाबरून घराबाहेर पडत नसत. याकूबभाई आपली ड्यूटी संपवून रोज त्यांना गाडीत घालून कंपनीच्या ऑफिसात नेत आणि तिथल्या माणसासमोर शेजारी बसत. बोलत काहीच नसत. तो माणूस इकामा हातात देईपर्यंत हे चाललं. त्यांच्या पत्नी मरियमचाची तोवर माझ्याजवळ बसून मला पेज भरवत. तीच अलिना आज इंडियन स्कूलमध्ये जाते आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. याकूबभाईंसमोर मात्र तिचं इंग्रजी बंद होतं, कारण ते ऐकू न आल्यासारखं करतात आणि चॉकलेट खिशातच ठेवतात.

आता जरा कडू लिहिते. ज्यांना झोंबेल त्यांना झोंबू दे.

कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायचं, असं धोरण आलं. नांदखारची शाळा त्या यादीत गेली. मोठी शाळा होती हायवेच्या पलीकडे. त्याच सुमारास आपल्या गावचे एक मोठे शेठ, जे जिद्दाला असतात, दम्मामला आले आणि त्यांनी जाहीर केलं की ते गावात इंग्रजी शाळा काढणार, पहिली काही वर्षं फुकट. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पण टाळ्या वाजवल्या. याकूबभाई उठून उभे राहिले. त्यांनी शेठना विचारलं की पहिली काही वर्षं म्हणजे त्यानंतर काय. मग विचारलं की कुणबीवाडीतल्या आणि खारवीवाड्यातल्या मुली त्यानंतर कुठे जातील, कारण त्यांचे बाप सौदीला नसतात. सरकारने शाळा चालवावी म्हणून आपण दिवस दिले आणि आता आपणच सरकारला सांगणार की जा, तुमची गरज नाही? शेठ हसून म्हणाले, याकूबभाईंना गावाची प्रगती बघवत नाही. लोकही हसले. त्यांना गावाचा दुश्मन म्हटलं गेलं, मागून आणि तोंडावर. त्या सभेत हसणाऱ्यांपैकी काही जणांचे लेख याच ग्रंथात आहेत आणि त्यांत 'द्रष्टे' हा शब्द आला आहे, असं ऐकते. असो. उशिरा का होईना.

घाव मात्र दुसऱ्याच प्रश्नाने बसला. कोणीतरी ओरडलं, तुमच्या घरातलं पोर कुठल्या शाळेत जातं ते सांगा आधी. याकूबभाईंची नात सना गावी आईबरोबर राहायची आणि व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची. तिचे वडील फैयाज, याकूबभाईंचा एकुलता मुलगा, त्याच सभागृहात बसले होते. याकूबभाई म्हणाले, तुमचं बरोबर आहे. घरी जाऊन त्यांनी सुनेशी फोनवर बोलून सनाचं नाव गावच्या शाळेत घातलं. फैयाज यांना हे आधी विचारलं नाही. ते चूकच होतं आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं आहे. फैयाज यांनी वडिलांशी बोलणं टाकलं. एकाच शहरात राहून बाप-लेक एकमेकांना मशिदीच्या दारात फक्त सलाम करायचे. मरियमचाचींनी त्या काळात किती सोसलं ते मला माहीत आहे, आणि याकूबभाई कामगारांच्या कॅम्पात एकेका खोलीत जाऊन बापांना समजावत हिंडायचे, तुमची पोरं परत गावच्या शाळेत घाला म्हणून. काहींनी घातली. पुष्कळांनी दार लावून घेतलं.

शाळा हलवायचा दिवस ठरला तेव्हा याकूबभाई रजेवर होते. मी पण रजेवर होते. माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं, घरात पाहुणे, हातावर मेंदी ओली, आणि चाचींचा निरोप आला की टेम्पो आलाय. मी अलिनाला बरोबर घेऊन तशीच गेले. तो दिवस माझा होता, मी तो कतीफच्या बागेत कबूल केला होता.

शाळेच्या दारात याकूबभाई खुर्ची टाकून बसले होते. मागे मोहल्ल्यातल्या, कुणबीवाडीतल्या, खारवीवाड्यातल्या आया, आणि आत मुलं पाढे म्हणत होती. कपाटं आणि बाकं न्यायला टेम्पो आला होता. त्याबरोबर विस्तार अधिकारी मॅडम होत्या, एकट्या, दमलेल्या. याकूबभाईंनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "मॅडम, ही पोरं उद्यापासून हायवे ओलांडणार. एखाद्याला काय झालं तर विचारायचं कोणाला? त्याचं नाव आणि सही दाखवा, आम्ही बाकं उचलायला मदत करतो."

मॅडम म्हणाल्या, आदेश वरून आहे. याकूबभाई म्हणाले, वर जो बसलाय त्याला नाव असेलच की. मॅडमनी फोन लावला. मग दुसरा लावला. आम्ही सगळ्या जणी ऐकत होतो. प्रत्येक फोनवर त्यांना हेच सांगितलं जात होतं की तुम्हीच लिहून द्या आणि विषय संपवा. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, हायवेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही. यावर मी सही करणार नाही." आपल्या अहवालात त्यांनी तसंच लिहिलं: मुलांच्या सुरक्षित येण्याजाण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून शाळा हलवता आली नाही. टेम्पो रिकामा परत गेला. आया रडत होत्या, मीही रडले, मेंदीचे हात डोळ्यांना लावून घेतले आणि लग्नात लाल डोळ्यांनी मिरवले. याकूबभाई काही रडले नाहीत. ते खुर्ची उचलून पुन्हा दारात ठेवत होते.

कारण त्यांना माहीत होतं की टेम्पो परत येणार. त्यांची रजा दोन दिवसांत संपत होती. कंपनीचे फोन सुरू झाले होते. चाचींनी सांगितलं, आता निघा, इतक्या वर्षांची नोकरी आहे. याकूबभाई म्हणाले, मी गेलो तर ते मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी येतील. आणि ते राहिले. वरून स्थगितीचा कागद येईपर्यंत रोज सकाळी शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसले. कागद आला तेव्हा कुठे विमानात बसले, आणि धाहरानला पोचले तेव्हा त्यांचं कंत्राट न वाढवण्याचा निर्णय झालेला होता. कंपनीची बाजूही मी समजू शकते, पण मला ती समजून घ्यायची नाही. जन्मभर ज्याने माणसं मरू दिली नाहीत त्याला असं काढतात काय? मी खोबरच्या समुद्रकाठी बसून हे सगळं त्यांना तावातावाने बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "खलास गो. जन्मभर दुसऱ्यांची कामं थांबवली. एकदा माझं थांबलं."

म्हणून यंदा त्यांचं साठावं वर्ष आणि त्यांचं कायमचं गावी परतणं एकाच वेळी आलं आहे. आपल्या मंडळाने ठरवलं की त्यांना थैली अर्पण करायची. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे होणार नाही. याकूबभाईंनी निरोप पाठवला: थैली आणाल तर मी कार्यक्रमाला येणार नाही. द्यायचंच असेल तर काय द्यायचं ते तुम्हाला माहीत आहे.

गेल्या महिन्यात कतीफच्या त्याच बागेत सगळे जमलो. जेवणं झाली. जुन्या रिवाजाप्रमाणे एकाने उभं राहून नावं पुकारायला सुरुवात केली. पहिलं नाव कोणाचं पुकारायचं यावर जरा घुटमळ झाली, तेव्हा मागून फैयाज स्वतःच उठून उभे राहिले. बापाकडे न बघता म्हणाले, "एक दिवस." कोणाच्या तोंडून 'माशाल्ला' लवकर निघेना. याकूबभाई तेव्हा पण संत्रं सोलत होते. त्यांनी अर्धं संत्रं फैयाज यांच्यापुढे धरलं आणि फैयाज यांनी ते घेतलं. मग नावामागून नाव, आणि प्रत्येक नावापुढे एक दिवस. अस्लमनी दिला, मी दिला. जुबैलच्या एका माणसाने तर चिपळूणकडच्या आपल्या गावच्या शाळेसाठी दिला, कारण तिच्यावरही तशीच नोटीस आली आहे. जिद्दाच्या शेठचा फोन आला होता की त्यांनाही एक दिवस द्यायचा आहे. याकूबभाईंनी त्यांना सांगितलं, या, पण रिकाम्या हाताने या.

शाळा आज चालू आहे. ती वाचली, असं मी लिहिणार नाही, कारण स्थगिती म्हणजे रद्द नव्हे आणि धोरण तिथेच आहे. सना तिसरीत आहे. याकूबभाई जाऊन त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसणार आहेत आणि मला पंचायत समितीतल्या लोकांची आत्तापासूनच कीव येते.

लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. आपल्याकडे मोठ्या माणसाला म्हणतात, माझं आयुष्य तुम्हाला लाभो. म्हणणारा म्हणतो, ऐकणारा ऐकतो, कोणाचा एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. याकूबभाई, आमचं तसं नाही. आम्ही खरेच दिवस दिलेत, आईच्या उशाशी बसायचे, पोरांना खांद्यावर घेऊन फिरायचे, वर्षभर वाट पाहिलेले दिवस. त्यांतले शाळेला लागतील तेवढे लागोत, उरलेले सगळे तुमच्या आयुष्यात जमा होवोत. गुडघे सांभाळा, साखर कमी खा, चाचींचं ऐका. ती खुर्ची शाळेच्या दारातच असू द्या. टेम्पो येईल तेव्हा विचारा, सही कोणाची? तुमच्या शेजारी उभं राहायला आमच्यातलं कोणी तरी असेल. बारा महिने कोणी ना कोणी रजेवर असतंच.

— शबाना अस्लम सोलकर, खोबर